वाचनालयाच्या नऊ खुर्च्या

११ जानेवारी

मामी,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू शिवी दिली असशील. ती पोचली. आता पुढचं वाच.

दोन महिने लिहिलं नाही. कारण सांगायला बसलो तर तेही खोटंच निघेल, म्हणून सांगत नाही. मिठाच्या कारखान्यातलं काम सुटलं, म्हणजे मीच सोडलं. तळपायाला चिरा पडतात आणि त्यात मीठ जातं. माणूस नाचत काम करतो आणि मुकादमाला वाटतं, हा आनंदात आहे. आता एका शीतगृहात आहे. मोठमोठ्या खोल्या, त्यात सफरचंदाच्या पेट्या. दार लागलं की बाहेर ऊन आहे हे कुणी शपथेवर सांगितलं तरी खरं वाटत नाही. दाराला आतून एक दांडा आहे, अडकलं तर ढकलायचा. इथला सगळ्यात जुना कामगार सांगत होता, तो चालतो का हे आजवर कुणी बघितलेलं नाही. पण तो आहे म्हणून सगळे आत जातात. मी विचारलं, 'काका, एकदा बघू या का ढकलून?' तर म्हणाला, 'नको रे. नाही चाललं तर उद्या कामाला कोण येईल?'

हे कशाला सांगत बसलो? मामा कसा आहे, ते विचारायचं होतं. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले त्याला आता तीन वर्षं होत आली. त्या दिवसानंतर आठवड्याभरात मी निघालो, 'कामाच्या शोधात', असं आपण सगळ्यांना सांगतो. तर कसा आहे?

तुझा भाचा


२९ जानेवारी

भिंगरी,

पोचलेली शिवी जपून ठेव, पुढच्यासाठी दुसरी काढून ठेवलीय. आणि फोन करू नकोस. फोनवर तू नुसता हो-हो करतोस. लिहिताना तरी माणूस खोटं बोलून दमतो.

मामा आहेत. 'कसे' ते विचारू नकोस, 'आहेत' एवढ्यावर भागव. वीस वर्षं खडी फोडायच्या यंत्रावर काढली, तो दगड भुकटी होऊन छातीत बसला, आणि बसलेला दगड काही उठून जात नाही. श्वासाचं यंत्र आधी झोपताना लागायचं, आता जेवतानाही लागतं. नाकात नळी, तोंडात घास आणि डोळे खुर्चीवर.

हो, खुर्च्या. वाचनालयाच्या चोवीस वेताच्या खुर्च्यांच्या बैठका फाटल्या होत्या. त्या विणायला घेतल्यात तुझ्या मामांनी. धडधाकट कारागीर दोन दिवसांत एक उठवतो. हे तीन आठवडे लावतात. दिवसाला दोन ओळी, फार तर चार. संध्याकाळी उद्यापुरत्या पट्ट्या मोजायच्या आणि बादलीत टाकायच्या. आमचा वेत जाड, भिजल्याशिवाय वाकत नाही. आणि भिजवलेला सकाळी वापरला नाही तर काळा पडतो, फेकावा लागतो. म्हणून सकाळी उठणं आलं. लोकांकडे घोंगडं भिजत पडतं, आमच्याकडे वेत.

दर दोन महिन्यांनी तपासायला मोठ्या दवाखान्यात जातो, आठ तासांचा रस्ता. तिथं एक बाई आहेत. औषध देत नाहीत, नुसत्या बोलतात. मामांनी त्यांचं नाव 'आशेच्या बाई' ठेवलंय. त्या म्हणाल्या, 'आशा म्हणजे सगळं बरं होणार असं वाटणं नव्हे. उद्या काय करायचंय, कसं करायचंय आणि ती वाट बंद झाली तर दुसरी कुठली, एवढं ठाऊक असणं. ते ज्याला ठाऊक असतं त्याचं दुखणं काही कमी होत नाही, पण तो झोपतो बरा, जेवतो बरा.'

मामा म्हणाले, 'उद्या खुर्ची. उजवा हात दुखला तर डावा. डावाही दुखला तर ही आहे. हिला शिव्या घालून करून घेईन.'

बाई हसल्या. मी नाही हसले. पंधरा खुर्च्या झाल्या, सोळावी धरून नऊ राहिल्यात. घरात पाय ठेवायला जागा नाही. इस्त्रीचं टेबल मी दारात नेलंय, गिऱ्हाइकं कपडे खिडकीतून देतात. वाचनालयाचे कारकून दर आठवड्याला येऊन घसा खाकरतात. तीन वर्षांत बहिणीकडे एक दिवस राहिले नाही मी. एकदाच्या त्या नऊ संपल्या म्हणजे सुटले बाई.

ये म्हणत नाही. येऊ नको असंही म्हणत नाही.

मामी


२२ फेब्रुवारी

मामी,

शीतगृह सोडलं. आता पाण्याच्या टाक्या आतून रंगवतो. टाकीत गाणं म्हटलं की आपलाच आवाज चौघांसारखा परत येतो, त्यामुळे करमतं. एकदा तर मी स्वतःशीच भांडलो आणि हरलो.

तुझं पत्र खिशात ठेवून ठेवून घडीवर फाटलंय. 'सुटले बाई' तेवढं नेमकं घडीवर आलंय. मामा तीन आठवड्यांत एक करतो म्हणजे नऊला सहा महिने. पुन्हा सहा महिनेच. बारा वर्षांचा असताना मी मामाजवळ बसून विणायला शिकलो होतो, आठवतं? त्याच्याइतकं नीट नाही, पण हात विसरलेला नाही.

येतो मी. या वेळी खरंच.

तुझा भाचा


३ मार्च

भिंगरी,

काल मोठ्या दवाखान्यात भरती केलं. धाप थांबेना. घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण घाबर थोडा.

येणार असशील तर इकडेच ये. घराची किल्ली शेजारच्या शिवणवाल्या काकूंकडे आहे. येताना मामांचं जाड पांघरूण आणि चष्मा घेऊन ये, घाईत राहिला. सोळावी महिनाभर तिरप्या पट्ट्यांवर अडलीय, तिच्यावर काही ठेवू नकोस. मामा दिवसातून तीनदा विचारतात, 'खुर्च्या आहेत ना जागच्या जागी?' मी म्हणते, 'पळून कुठं जातायत, त्या काय तुमचा भाचा आहेत?'

मामी


१६ मार्च

मामी,

हे पत्र आपल्या घरातून लिहितोय. बोटांना चिंध्या बांधल्यात, अक्षर समजून घे.

मी निघालो होतो दवाखान्यालाच. पांघरूण आणि चष्मा घ्यायचा, काकूंचा चहा प्यायचा आणि संध्याकाळची गाडी पकडायची, असं ठरलं होतं. दार उघडलं तर नऊ खुर्च्या. आठ पोटं फाटलेल्या आणि एक अर्धी. माझ्याकडेच बघत होत्या गं. म्हटलं, ही सोळावी तेवढी उरकतो. संध्याकाळची गाडी गेली. सोळावी झाली तर म्हटलं, सतरावी.

दहा दिवसांत नऊच्या नऊ, मामी! उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत. काकू जेवण आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, 'अरे, कुणी मागे लागलंय का तुझ्या?' त्यांच्या यजमानांचं वेगळंच, ते रोज येऊन एक खुर्ची बसून बघायचे आणि प्रत्येक वेळी 'हीच सगळ्यात चांगली' म्हणायचे. आज हातगाडीवर घालून वाचनालयात पोचवल्या. कारकुनांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि मग मोजल्या. म्हणाले, 'सांगा मामांना, वर्षभर उभ्याने पेपर वाचणारे आता तुम्हाला दुवा देतील.'

घर केवढं मोठं दिसतंय! इस्त्रीचं टेबल आत घेतलं. बादली धुऊन उलटी ठेवली. मामाला सांग, आता डोक्याला काही ताप नाही, नुसतं बरं व्हायचं. आणि तू, तू सुटलीस. टाकीवाल्याचे दोन दिवस राहिलेत, ते करून येतोच. तोवर पांघरूण आणि चष्मा पार्सलने पाठवतोय, त्यातच हे पत्र.

तुझा भाचा (कारागीर)


२१ मार्च

पार्सल आलं तेव्हा मी औषधाच्या रांगेत होते. नर्सने मामांच्या पलंगावर ठेवलं, त्यांचंच पांघरूण म्हणून. त्यांनी ते उघडलं, चष्मा लावला आणि तुझं पत्र वाचलं.

मी आले तर घडी घालून पोटावर ठेवलेलं. म्हणाले, 'बरं झालं.'

मी वाचलं. मला वाटलं खाली बसावं, तर बसायला स्टूलसुद्धा नव्हतं.

तुला कळतंय का काय केलंस ते? तू खुर्च्या विणल्या नाहीस, त्यांचे नऊ वेळा तीन आठवडे उचलून हातगाडीवर घातलेस. इथं एक खेळण्यासारखं देतात, तीन नळ्या आणि तीन गोळे. श्वास आत ओढला की गोळे वर जातात. तासाला दहा वेळा करायचं, नाहीतर छाती आणखी भरते. पार्सल येईपर्यंत ते करायचे. एक गोळा चढायचा आणि नर्सला म्हणायचे, 'सोळावीच्या तिरप्या पट्ट्यांपुरता दम झाला बघा.' आता ते खेळणं उशाशी पडून आहे. जेवण दोन घास. आशेच्या बाई येऊन बसल्या. त्यांनी विचारलं, 'उद्या काय करायचंय?'

मामा म्हणाले, 'उद्या बुधवार आहे.'

तेवढंच. मग भिंतीकडे वळले.

चार दिवस तुला शिव्या घालतेय मनात. आज थांबले, कारण त्यातल्या अर्ध्या माझ्या आहेत. 'संपल्या म्हणजे सुटले' हे लिहिलं कुणी? बादलीतला वेत सांगितला, बाई सांगितल्या, आणि शेवटी ते लिहिलं. दमले होते. दमलेल्या माणसाने पत्र लिहू नये.

इथे येऊ नकोस. तुझं तोंड बघून परत 'बरं झालं' म्हणतील, आणि ते मला पुन्हा ऐकवणार नाही.

मामी


२५ मार्च

मामी,

तुझं पत्र मिळाल्या मिळाल्या वाचनालयात गेलो. म्हटलं, 'त्या नऊ खुर्च्या परत द्या.'

कारकून म्हणाले, 'काही चुकलंय का?'

'नाही. चांगल्या झाल्यात. त्याच बिघडवायच्या आहेत.'

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, 'बाळ, मी समजू शकतो. पण वरच्यांना काय लिहून देऊ? नऊ खुर्च्या सुस्थितीत असल्याने फाडण्यासाठी परत केल्या?' आणि त्या खुर्च्यांवर माणसं बसलेली होती, मामी. एक म्हातारे तर वाचता वाचता झोपले होते. त्यांना उठवून खालून कात्री लावायची?

म्हणून असं कर. मामाला वाचून दाखव: वाचनालयाच्या माडीवर आणखी सहा खुर्च्या निघाल्यात, फार जुन्या, पार फाटलेल्या. कारकून म्हणाले, मामांशिवाय कुणाला देणार नाही.

भाचा


२९ मार्च

भिंगरी,

वाचून दाखवलं. महिन्यात पहिल्यांदा हसले. हसताना खोकला आला, नर्स धावत आली.

म्हणाले, 'त्या वाचनालयाला माडीच नाही. खोटं बोलायचं तर नीट विणून तरी बोलावं.' संध्याकाळी मी पाणी पाजत होते तर म्हणाले, 'त्याला विचार, इतकी घाई का केली. एखादी खुर्ची माणूस माझ्यासाठी ठेवतो. नऊच्या नऊ का?'

मी म्हटलं, 'माया हो, दुसरं काय?'

'माया एवढी भरभर विणत नाही,' म्हणाले.

उत्तर तुलाच द्यायचंय. त्यांना लिही, मला नको.

मामी


२ एप्रिल

मामा,

चार कागद फाडले. पाचव्यात जे येईल ते पाठवतो.

डॉक्टर तुला आत 'सहा महिने' सांगत होते तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. दार अर्धं उघडं होतं. मी बोटांवर महिने मोजले आणि ठरवलं, सातव्यात परत यायचं. सगळं झाल्यावर. मामीला आधार द्यायला, असं स्वतःला सांगितलं. सात वर्षांचा असताना आई गेली तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो, सगळं ऐकलं. परत ऐकायचं नव्हतं.

सातव्या महिन्यात मी फोन केला आणि तूच उचललास. 'काय रे भिंगरी, कुठे आहेस?' मला राग आला, मामा. तुझा. ठरल्याप्रमाणे गेला नाहीस म्हणून. त्यानंतर मी कुठेच टिकलो नाही. मिठात, थंडीत, टाकीत, सगळीकडे मनात एकच, अजून नाही, अजून नाही.

पहिल्या दोन खुर्च्या तुझ्यासाठी विणल्या, खरंच. पुढच्या दोन मामीसाठी. पाचवीपासून हात कशासाठी चालतोय ते मला कळत नव्हतं. सहावी उतरवली आणि मनात आलं, आता तीन. तीन झाल्या की मामा मोकळा, मग मीही मोकळा. असंच आलं, अशाच शब्दांत. मी उठलो, हात धुतले. परत येऊन सातवी घेतली.

ही घाई होती. मायाही होती, पण तू विचारलंस ते घाईचं.

भिंगरी


५ एप्रिल

भिंगरी,

हिने तुझं पत्र वाचून दाखवायला घेतलं, मी काढून घेतलं. चष्मा तूच पाठवलास.

सातव्या महिन्यात मलाही राग आला होता. सगळ्यांचा निरोप घेऊन बाकड्यावर बसलेला माणूस आणि गाडीच येत नाही. लोक बघून जातात. बायको दमते. तिलाही घाई झाली होती, तिने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. यात तू एकटा नाहीस.

(काल इथवर. दम संपला.)

खुर्च्या मी जगणं लांबवायला लांबवत नव्हतो. सकाळी डोळे उघडले की नजर ठेवायला एक जागा लागते. नसली तर नजर छातीवर जाते. तिथं बघण्यासारखं काही नाही.

नऊ खुर्च्या दहा दिवसांत म्हणजे ओढ सैल राहिली असणार. दोन वर्षांत बैठका झोळ खातील. तेव्हा मी नसेन. तू नीट करून दे. रागाने लिहीत नाही, काम आहे म्हणून लिहितो.

(दोन दिवस गेले.)

तुझं पत्र वाचलं त्या संध्याकाळी बाई आल्या. मी म्हटलं, खुर्ची गेली. त्या म्हणाल्या, 'मग खुर्चीशिवाय काय हवंय?' तोंडातून आलं, घरी जायचंय. आपल्या पायरीवर बसायचंय. बरं व्हायला नाही, नुसतं बसायला.

डॉक्टर म्हणाले, रस्ता झेपणार नाही. मी म्हटलं, काय केलं तर झेपेल? मग म्हणाले, निदान दोन गोळे चढू देत. एक चढतो. दुसरा थरथरतो.

तुझं काम: माणूस आडवा होईल अशी गाडी. ऑक्सिजनचे सिलिंडर, एक जास्तीचा. एक गाडीवाला नाही म्हणाला तर दुसरा. सतराला ये. अठराला येऊ नकोस.

मामा


१२ एप्रिल

मामा,

रुग्णवाहिकेवाल्याने एवढ्या लांब यायला नकार दिला. दुसऱ्याची गाडी दुरुस्तीला. तिसरा गादीवाला, घरोघर गाद्या पोचवतो. म्हणाला, 'आडवं व्हायला माझ्या गाडीइतकी जागा राजाच्या गाडीत नाही.' फार बोलतो, पण गाडी हळू चालवतो. सिलिंडर तीन, दोनाची गरज आहे. नळ्या लावायला शिकलो, काकूंच्या यजमानांवर सराव केला. वाटेत दवाखाने कुठे कुठे आहेत त्याची यादी काढली, पाच आहेत. पायरीपर्यंत तुला खुर्चीवरून उचलून नेऊ. काकूंची खुर्ची लाकडी आहे, घाबरू नकोस.

वाटेत एक धरण लागतं, बघण्यासारखं आहे म्हणे. नाही बघणार. सोळालाच येतो.

भिंगरी


३ जून

भिंगरी,

बहिणीकडे येऊन बारा दिवस झाले. तिच्या फ्रिजचा आवाज थांबला की मी दचकून उठते, यंत्र बंद पडलं वाटतं. मग आठवतं. परत झोप येते, हेच नवल.

इथं लोक भेटायला येतात आणि जाता जाता म्हणतात, 'उगाच हलवलंत. दवाखान्यात आणखी महिना निघाला असता.' त्यांनी तुझे मामा पाहिले नाहीत. तुझं पत्र आल्यापासून तू येईपर्यंत, ते दिवस. तासाला दहा सांगितले तर पंधरा वेळा ओढायचे. घाम यायचा. दुसरा गोळा चढला तेव्हा नर्सला हाक मारून दाखवला, वर्गात पहिला नंबर आल्यासारखा. मागून जेवले. मला म्हणाले, 'केस नीट कर, आपल्याला घरी जायचंय.' तो महिना मी त्या दिवसांवरून ओवाळून टाकते.

पण एक विचारायचंय. म्हणून हे पत्र.

गाडीत मला झोप लागली. दीड महिना पलंगाच्या पायाशी डुलक्या काढल्या होत्या, गादी दिसली आणि मी गेलेच. तू हाक मारलीस तेव्हा गाडी आपल्या गल्लीत होती. तू म्हणालास, 'आत्ता, मामी. आत्ताच.' मी त्यांचा हात धरला.

तीस वर्षं इस्त्री करतेय मी. एखादी गोष्ट गार होऊन किती वेळ झाला, एवढं मला हात लावून कळतं.

तेव्हा बोलले नाही. माणसं जमली होती. आता लिही. मी झोपले तेवढ्यात काय झालं, काय बोलले, सगळं.

मामी


९ जून

मामी,

लिहितो. मध्येच भरकटलो तर रागावू नकोस. सरळ गेलो तर मला लिहिताच येणार नाही.

तू झोपलीस ती मोठा पूल ओलांडल्यावर. मामा मागच्या काचेतून रस्ता बघत होता, मागे मागे जाणारा. गादीवाला त्याच्या मेव्हण्याची गोष्ट सांगत होता, मेव्हण्याने कापूस म्हणून गादीत काय काय भरलं ते. मामाला हसू येत होतं, पण तो हसणं वाचवत होता.

त्याने विचारलं, 'किती राहिलं?'

'नव्वद किलोमीटर.'

'तुझे नव्वद की खरे?'

'खरे.'

मग तुझ्याकडे बघून म्हणाला, 'तिला उठवू नकोस. गल्लीत शिरलो की उठव.' परत काचेकडे वळला. मग म्हणाला, 'आपल्या पायरीवर सकाळी ऊन किती वाजता येतं रे?'

मी म्हटलं, 'ठाऊक नाही.'

'त्याच घरात वाढलास ना?'

'लक्ष नव्हतं, मामा.'

'हं. उद्या बघू,' म्हणाला.

त्यानंतर एकदाच विचारलं, किती. मी रस्त्याकडेचा दगड बघून सांगितलं, बासष्ट. त्याने मान हलवली. पुढच्या वेळी विचारलं नाही, तेव्हा मी आपणच सांगितलं, चोपन्न. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. सिलिंडरचा आवाज चालू होता. मास्कच्या आत वाफ धरत नव्हती. मी नाकाशी बोट धरलं, मानेशी धरलं. दोन्हीकडे बराच वेळ धरलं.

माझ्या यादीतला चौथा दवाखाना तिथून चार किलोमीटरवर होता, डावीकडे. मी गादीवाल्याला वळ म्हटलं नाही. फाटा आला आणि गेला. हे तुला ठाऊक असायला हवं. तो घरी म्हणाला होता म्हणून मी वळलो नाही, की पुन्हा माझीच घाई होती ती, रोज उठून विचारतो. रोज वेगळं उत्तर येतं. गादीवाल्यालाही सांगितलं नाही. तो मेव्हण्याची गोष्ट पहिल्यापासून सांगत होता.

'आत्ताच' हे खोटं होतं. तासाच्या वर वेळ झाला होता.

तेवढ्या वेळात मी काही केलं नाही. त्याचा चष्मा सरळ केला. पांघरूण वर घेतलं. आणि दगड येईल तसं किती राहिलं ते सांगत राहिलो. चाळीस, मामा. एकतीस. बावीस. तू झोपेत कूस बदललीस तेव्हा आवाज बारीक केला. गावात शिरल्यावर दगड संपले, मग दिसेल ते सांगितलं. पिठाची गिरणी आली. वाचनालय आलं. गल्लीचं वळण आलं.

मग तुला हाक मारली.

भिंगरी